तिरंदाजीच्या हौशी शूटमध्ये गुण कसे लिहायचे? रेषेवरच्या एका बाणावरून झालेला वाद

निळी_पट्टी

नमस्कार मंडळी. मन थोडं खट्टू झालंय म्हणून हा धागा काढतेय. अनुभवी लोकांनी मोकळेपणाने सांगावं.

आम्ही १४ जण महिन्यातून एकदा हौसेखातर एकत्र शूट करतो, म्हणजे तिरंदाजी. ना पंच असतो ना पदक. चार बट (बाण रुततात ते जाड ठोकळे), ३० मीटर अंतर, त्यावर ८० सेंटिमीटरचा फेस (रंगीत वलयांचा कागद; मधल्या सोनेरीत १० आणि ९, त्याबाहेरच्या लालमध्ये ८ आणि ७, असे गुण उतरत जातात), सहा बाणांचे सहा एंड, म्हणजे फेऱ्या. म्हणजे ३६ बाण आणि जास्तीत जास्त ३६० गुण. रिकर्व्ह, कंपाउंड, बेअरबो अशा वेगवेगळ्या प्रकारच्या धनुष्यांचे सगळे एकाच ओळीत उभे असतात.

मागच्या वेळी शेवटच्या एंडला मी लिहायला होते. आमच्यातल्या एकाचा बाण सोनेरी आणि लाल यांच्या अगदी मधोमध बसला होता. मी कार्डावर आधीच्या बाणांचे आकडे लिहीत होते, मान खाली. तेवढ्यात त्याने सवयीने सगळे बाण उपटले आणि म्हणाला, "शेवटचा नऊ." त्याच बटवर शूट करणारा दुसरा म्हणाला, "आठ होता, मी पाहिला." मी आठ लिहिले होते, त्यावर गिरवून नऊ केले. मग दुसऱ्याचा चेहरा पाहून पुन्हा थांबले. कार्डावर त्या चौकटीत आता नऊही वाचता येत नाही आणि आठही.

नऊ धरला तर पहिला एका गुणाने पुढे, आठ धरला तर दोघांची बरोबरी. सहा वर्षं एकत्र शूट करणारी ही माणसं. त्या दिवशी बटमागची जाळी दोघांनी वेगवेगळ्या टोकांनी गुंडाळली आणि एकमेकांशी न बोलता गेले.

मला विचारायचंय ते हे: पंच नसताना रेषेवरच्या बाणाचा निर्णय कोणी द्यायचा? वेगवेगळ्या धनुष्यांचे गुण एका यादीत लावायचे की नाही? आणि खरं सांगायचं तर, हौशी शूटमध्ये गुण लिहावेतच का, असा प्रश्नही मनात येऊन गेला.

जुनी_दोरी

ताई, तुमच्या प्रसंगात चूक त्या दोघांची नाही आणि तुमचीही नाही. बाण काढायची घाई झाली, एवढंच. बाण बटमध्ये आहे तोवर त्याच्याकडे बोट दाखवता येतं. काढल्यावर दोन माणसांच्या दोन आठवणी उरतात, आणि दोन्ही प्रामाणिक असू शकतात.

आमच्याकडे बरीच वर्षं एकच शिरस्ता आहे. तो आंतरराष्ट्रीय नियमांतूनच घेतलाय, फक्त पंचाची जागा आम्ही आपसांत वाटून घेतली. सगळे बटपाशी पोचले की आधी हात मागे. बाणाला, फेसला किंवा बटला कोणीही हात लावायचा नाही. ज्याचे बाण तो स्वतः आकडे म्हणतो, मोठ्याकडून लहानाकडे: "दहा, नऊ, नऊ, सात, सहा, मिस." म्हणताना बोट नॉककडे (बाणाच्या मागच्या खाचेच्या टोकाकडे) दाखवायचं, टेकवायचं नाही. बाकीचे आकडा ऐकतात आणि बाण बघतात. लिहिणारा लिहितो आणि ओळ मोठ्याने वाचून दाखवतो. त्या बटवरच्या सगळ्यांच्या ओळी वाचून झाल्या, कोणाची हरकत नाही असं कळलं, की लिहिणारा म्हणतो "काढा". त्याने हा शब्द उच्चारल्याशिवाय बाण निघत नाही. सुरुवातीला दोनदा आठवण करावी लागली, मग अंगवळणी पडलं.

उतरत्या क्रमाला कारण आहे. सगळी कार्डं एकाच पद्धतीने भरली की नजर पटकन फिरते, आणि "नऊ, सात, नऊ, दहा" अशा उड्या मारताना एखादा बाण दोनदा मोजला जातो तो जात नाही.

आता रेषा. शाफ्ट (बाणाची काठी) रेषेला नुसता टेकला तरी वरचा गुण मिळतो, कारण दोन वलयांमधली रेषा वरच्या वलयाचीच धरली जाते. बाण रेषेच्या आत आहे का हे बघायचंच नाही, टेकलाय का एवढंच बघायचं. बघायचं तेही शाफ्ट फेसमध्ये जिथे शिरतो तिथे. नॉक कुठे झुकलाय याला अर्थ नाही. बाण तिरका बसला असेल तर समोरून बघणाऱ्याला हमखास चकवा बसतो, म्हणून एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून, डोळा फेसच्या पातळीला आणून बघावं. पंचांकडे यासाठी भिंग असतं. एक साधं भिंग तुमच्या पिशवीत ठेवायला काय हरकत आहे?

त्या बटवरच्यांचं एकमत झालं नाही तर शेजारच्या बटवरून एकाला बोलवायचं, बाण कोणाचा ते न सांगता. तो बघेल आणि एक आकडा सांगेल. त्यालाही ठरवता आलं नाही तर वरचा गुण द्यायचा. मग चर्चा संपली.

नवा_भाता

काकांचा प्रतिसाद जपून ठेवला. एक शंका आहे. मी चार महिन्यांपूर्वीच सुरुवात केली. माझं धनुष्य हलकं, म्हणजे दोरी खेचायला २० पौंडांचा जोर लागणारं. मागच्या शूटला माझा एक बाण फेसवर लागलेला सगळ्यांनी पाहिला, पण तो रुतला नाही, खाली पडला. मी मिस लिहून घेतला. बरोबर केलं का?

जुनी_दोरी

नाही, तुझा गुण गेला. पण तो मिळवायचा असेल तर आधीची एक सवय हवी: प्रत्येक एंडनंतर बाण काढताना प्रत्येक भोकावर पेनने छोटी रेघ ओढायची. मग एखादा बाण आपटून परत आला किंवा आरपार गेला, तर फेसवर एक भोक किंवा खळगा बिनखुणेचा सापडतो. तोच त्या बाणाचा गुण. बिनखुणेच्या दोन जागा सापडल्या तर आम्ही त्यांतली कमी गुणांची धरतो. खुणाच केलेल्या नसतील तर मात्र कोणी काही सांगू शकत नाही.

बाण परत आला की शूटिंग लाइनवरच हात वर कर, शेजारच्याला सांग आणि उरलेले बाण मार. लगेच धावत जायचं नाही हे सांगायला नकोच.

याच्याच जोडीची आणखी दोन-तीन प्रकरणं इथेच सांगून ठेवतो, कारण ती नेमकी कधीतरीच घडतात आणि तेव्हा कोणाला आठवत नाहीत. बाण दुसऱ्या बाणाच्या नॉकमध्ये शिरून तिथेच राहिला तर ज्याच्यात शिरला त्याचा गुण मिळतो. दुसऱ्या बाणाला घासून बाजूला गेला आणि फेसमध्ये बसला तर जिथे बसला तिथला. चुकून सहाऐवजी सात बाण मारले गेले तर सगळ्यांत कमी गुणांचे सहा धरायचे. आणि दोरीला लावताना बाण निसटून पुढ्यात पडला, पण त्याचा काही भाग शूटिंग लाइन आणि ३ मीटरच्या रेषेच्या दरम्यान आहे, तर तो मारलेला धरत नाहीत. दुसरा बाण घ्यायचा.

फेसवर लोंबकळणारा बाण मात्र तसाच ठेवून पुढे मारत राहू नका. शूट थांबवा, दोघांनी जाऊन गुण टिपा, बाण बाजूला घ्या आणि मग सुरू करा.

पिसारा

रेषेबद्दल एक भर घालतो. वाद होतो तो बहुधा जुन्या फेसवर. एकाच फेसवर चार शूट झाले की सोनेरीच्या आसपास कागद फाटून त्याच्या पाकळ्या झालेल्या असतात. बाण शिरताना कागद आत ओढला जातो, रेषाही शाफ्टबरोबर आत वळते, आणि टेकलीय असं वाटतं. काही वेळा तर त्या जागी रेषाच उरलेली नसते. अशा वेळी दोन्ही बाजूंची शाबूत रेषा बघून मधला तुकडा मनाने पुरा करायचा. वर्तुळ असं जाईल, बाण इथे, टेकतो की नाही? पाकळीवर विश्वास ठेवायचा नाही.

दुसरी गोष्ट शाफ्टच्या जाडीची. नियमांत ९.३ मिलिमीटरपर्यंत जाड शाफ्ट चालतो. मैदानात लांबवर मारायला लोक साधारण ५ ते ६ मिलिमीटरचे वापरतात, पण १८ मीटरच्या इनडोअरला मुद्दाम जाड घेतात. हिशेब करून बघा: ५.५ मिलिमीटरच्या बाणाची त्रिज्या २.७५ आणि ९.३ च्या बाणाची ४.६५. म्हणजे जाड बाणाचं केंद्र रेषेपासून १.९ मिलिमीटर अधिक लांब असलं तरी तो रेषेला टेकतो. ४० सेंटिमीटरच्या फेसवर एक वलय २० मिलिमीटर रुंद असतं. त्यातले जवळपास २ मिलिमीटर नुसत्या जाडीने मिळाले. यात लबाडी अजिबात नाही, नियमात बसतं. पण एकाच बटवर एकाकडे जाड आणि दुसऱ्याकडे बारीक बाण असेल तर "याचे सगळे रेषेवरचे कसे लागतात" हा संशय मनात येऊ देऊ नका. उत्तर शाफ्टमध्ये आहे.

आणि बाण काढताना एक हात फेसवर सपाट, दुसऱ्याने शाफ्ट फेसजवळ धरून सरळ मागे. मागे कोणी उभं नाही ना हे बघूनच. लिहिणारा माणूस कार्डात डोकं घालून नेमका तिथेच उभा असतो.

गणिताची_वही

निळी_पट्टी, तुमच्या गिरवलेल्या चौकटीबद्दल लिहायचंय. मी आमच्या गटात कायम कार्डं तपासते, आणि माझ्या मते निम्मे वाद बाणांचे नसतात, अक्षरांचे आणि बेरजेचे असतात.

आकड्यावर आकडा कधीच गिरवायचा नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारून शेजारी नवा आकडा, आणि त्याच्याजवळ त्या बटवरच्या सगळ्यांच्या सह्यांची अक्षरं. जुना आकडा वाचता आला पाहिजे. तो दिसत राहिला की दुरुस्ती कोणी लपवलेली नाही हेही दिसतं. हे सगळं बाण काढण्याआधी व्हायला हवं. बेरजेची चूक नंतरही सुधारता येते, बाणाची नाही.

मिस असेल तर चौकट रिकामी ठेवू नका, 'एम' लिहा. रिकाम्या चौकटीचा अर्थ "लिहायचं राहिलं" असाही होतो. आतला दहा (दहाच्या वलयातल्या छोट्या वर्तुळात बसलेला) 'एक्स' म्हणून लिहा, धरा दहाच. शेवटी बरोबरी झाली तर एकूण दहा किती, आणि तेही सारखे असतील तर त्यांतले एक्स किती, यावर निकाल लागतो. तुमच्या त्या दोघांचंही आठ धरून असंच ठरवता आलं असतं.

बेरीज दोन्ही बाजूंनी करायची माझी पद्धत सांगते. समजा ओळ आली ९, ९, ८, ७, ७, ५. सरळ बेरीज ४५. आता उलटीकडून: सहा बाणांचे ६० पैकी किती गेले? १, १, २, ३, ३, ५ मिळून १५. साठातून पंधरा गेले, पंचेचाळीस. दोन्ही जुळले की पुढची ओळ. चांगल्या तिरंदाजाचे गुण तर उलटीकडूनच लवकर मोजले जातात, कारण तिथे गमावलेले गुण एक-दोनच असतात. प्रत्येक ओळीपुढे चालती बेरीज लिहा आणि एक माणूस लिहीत असेल तर दुसऱ्याने स्वतःच्या कार्डावर तेच लिहावं. दर एंडला दोन्ही कार्डांची चालती बेरीज एकमेकांना म्हणून दाखवली की चूक त्याच एंडमध्ये सापडते. शेवटी सापडलेली चूक शोधायला ३६ चौकटी उपसाव्या लागतात आणि तोवर सगळ्यांना घरी जायचं असतं.

ज्यांच्याकडे जुनी ब्रिटिश पाच गुणांची पद्धत चालते (सोनेरी ९, लाल ७, निळा ५, काळा ३, पांढरा १) त्यांना एक देणगी आहे. सगळे आकडे विषम. म्हणून लागलेले बाण सम असतील तर बेरीज समच येते, आणि विषम असतील तर विषमच. सहाही बाण लागले आणि कोणी ३७ म्हणालं, तर बेरीज चुकली हे कार्ड न बघता सांगता येतं. त्या पद्धतीच्या कार्डांवर गुणांशेजारी लागलेल्या बाणांचाही रकाना असतो. तो भरायचा कंटाळा करू नका, फुकटची तपासणी आहे ती.

पाचवा_बाण

वरचं सगळं मान्य. पण निळी_पट्टी यांच्या शेवटच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही. गुण लिहावेतच का?

मी दोन वर्षं प्रत्येक सरावाला, प्रत्येक बाणाचा गुण लिहीत होतो. पाच बाण चांगले गेले की सहाव्याला हात आखडायचा. पुढे पुढे पाचव्यालाच आखडायला लागला. टोपणनाव त्यावरूनच घेतलंय. साइटची (धनुष्यावरच्या नेम धरायच्या साधनाची) टिकली सोनेरीवर यायच्या आधीच बोटं सुटायची. थांबवावं म्हटलं तरी थांबायची नाहीत. तिरंदाज याला टार्गेट पॅनिक म्हणतात. ज्यांना झालंय त्यांना कळेल, की ती बोटं आपली राहत नाहीत.

मी सहा महिने वही बंद केली. पाच मीटरवर, फेस न लावलेल्या बटवर मारत राहिलो. फक्त दोरी खेचणं, हात चेहऱ्याशी टेकणं, सोडणं. मग हळूहळू फेस लावला, अंतर वाढवलं. आज मी चार सरावांमागे एकदाच गुण लिहितो, आणि त्या दिवशी ते लिहायचे आहेत हे आधी ठरवून जातो. गुण वाईट नाहीत. पण रोज वजनकाट्यावर उभं राहिल्याने कोणाची तब्येत सुधारत नाही. हौशी शूटला कोणी "मी आज मारणार, पण माझं कार्ड नको" म्हणालं तर त्याला तसं मारू द्यावं, एवढीच माझी विनंती.

जुनी_दोरी

पाचवा_बाण, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. बिनकार्डाचे तिरंदाज आमच्याकडेही असतात. ते बटवर येतात, इतरांचे आकडे तपासतात, खुणा करतात. गटाला त्यांचा उपयोगच होतो.

गुणांच्या बाजूने एकच सांगतो, तेही अर्धंच त्यांच्या बाजूने आहे. आकडा किती चांगलं मारलं ते सांगतो, कुठे बिघडलं ते सांगत नाही. दोन कार्डं घ्या. पहिल्याचे सहाही बाण निळ्यात, पाचच्या वलयात, घड्याळातल्या सातच्या जागी, मुठीत मावतील असे. सहा पंचे तीस. दुसऱ्याचे दहा, आठ, पाच, चार, तीन आणि एक मिस. तेही तीस. कार्डावर दोघं सारखे. पण पहिल्याची तिरंदाजी उत्तम आहे, त्याची फक्त साइट हलवायची आहे. बाण जिकडे जातात तिकडे साइट न्यायची, म्हणजे खाली आणि डावीकडे. दोन एंडांत तो सोनेरीत येईल. दुसऱ्याने साइटला हात लावला तर गोंधळ वाढेल. त्याने उभं राहण्यापासून बघायला हवं.

म्हणून कार्डाच्या मागे एक छोटं वर्तुळ काढून त्यात सहा टिंबं टाकत जा. गुणांपेक्षा मी तीच बाजू जास्त वेळा उलटून बघतो.

दोन_चाकं

मी कंपाउंडवाली. मिश्र धनुष्यांच्या प्रश्नावर माझं मत ठाम आहे: एकाच यादीत लावू नका. माझ्या धनुष्याला चाकं आहेत, साइटवर भिंग आहे, रिलीज (दोरी सोडायचा खटका) आहे. ३० मीटरवर माझे ३४० आणि बेअरबोवाल्याचे २४० यांची तुलना करणं त्याच्यावर अन्याय आहे, आणि मला तरी त्यात जिंकल्यासारखं कुठे वाटतं? तीन याद्या करा, एकेका यादीत दोघंच असले तरी चालतील.

पण सगळ्यांना एकत्र खेळायचं असेल तर प्रत्येकाला स्वतःशीच लढवा. मागच्या तीन शूटची सरासरी काढायची आणि आजचा आकडा तिच्यापेक्षा किती वर ते बघायचं. एकाचे ३१२, ३०६, ३०९, म्हणजे सरासरी ३०९. आज ३१४, म्हणजे अधिक पाच. दुसरीचे १८८, २०१, १९६, सरासरी १९५. आज २०९, म्हणजे अधिक चौदा. दिवस तिचा. सरासरी दर वेळी नवी काढावी लागते, कारण नवशिका झपाट्याने वर चढतो.

या पद्धतीत एक उणीव आहे, ती लपवत नाही. १९५ वरून चौदा वर जाणं आणि ३४० वरून चौदा वर जाणं सारखं नाही. वर जागाच थोडी उरलेली असते. हीच अडचण ओळखून ब्रिटनमध्ये डेव्हिड लेन यांनी हँडिकॅपची कोष्टकं तयार केली. त्यांत वेगवेगळी अंतरं आणि वेगवेगळे फेस एका मापात आणता येतात, आणि हँडिकॅपचा अंक जितका लहान तितका तिरंदाज वरचा. महिन्यातून एकदा शूट करणाऱ्या १४ जणांना सरासरी पुरेशी आहे. कोणी मुद्दाम कमी मारून सरासरी खाली ठेवेल अशी भीती काहींना वाटते. मैत्रीच्या गटात मी तरी ते पाहिलेलं नाही.

आणखी एक, सेट पद्धत करून बघा. तीन-तीन बाणांचा सेट, जिंकला तर २ गुण, बरोबरी झाली तर १-१, ज्याचे आधी ६ होतील तो जिंकला. ५-५ झाले तर एकेक बाण, केंद्राच्या जवळचा जिंकतो. रिकर्व्हच्या वैयक्तिक सामन्यांत ही पद्धत २०१० पासून आहे आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्येही तीच होती. कंपाउंडला मात्र अजून १५ बाणांची सरळ बेरीज, १५० पैकी. हौशी लोकांना सेटमध्ये जो दिलासा मिळतो तो मी प्रत्यक्ष बघितलाय. एकीने १०, ९ आणि तिसरा पार पांढऱ्यात २ मारला, समोरच्याचे ९, ९, ८. एरवी ते पाच गुण शेवटपर्यंत मानेवर बसले असते. इथे सेट गेला, पाटी कोरी, पुढचा सेट. पाचवा_बाण, तुमच्या बोटांनाही कदाचित हे मानवेल.

रानवाट

आम्ही फील्ड आणि थ्रीडीवाले, बट सोडून झाडीत फिरणारे. तिथे गुण वेगळे. फील्डच्या फेसला मधे पिवळा आणि बाहेर काळा: पिवळ्यात ६ आणि ५, काळ्यात ४ ते १. २४ टार्गेटं, प्रत्येकी तीन बाण, म्हणजे जास्तीत जास्त ४३२. थ्रीडीत प्राण्यांच्या प्रतिकृतींवर ११, १०, ८, ५. टेकलेली रेषा वरची, हा नियम तिथेही तोच.

पण वेगळेपण म्हणजे तिथे चौघंच असतात आणि दुसऱ्या गटातून कोणाला बोलावणं शक्य नसतं. म्हणून कामं निघण्याआधीच वाटून घेतो: दोघं लिहितात, दोघं बाण बघतात, अर्ध्यावर अदलाबदल. स्वतःचं कार्ड एकट्याने कोणी लिहीत नाही. एवढं पाळलं तरी "तो नेहमी वरचाच आकडा म्हणतो" ही कुजबुज सुरूच होत नाही. आमच्यात पूर्वी एकाबद्दल ती होती. नंतर कळलं की त्यांना जवळचं नीट दिसत नव्हतं, चष्मा गाडीत ठेवून यायचे. आम्ही वर्षभर मनात काय काय धरून बसलो होतो, याची आजही खंत वाटते.

पावसाळी हवेत पेन्सिल न्या. ओल्या कागदावर बॉलपेन उमटत नाही.

नवा_भाता

मोबाइलवर गुण लिहिलेले चालतात का? बेरजेची कटकटच नाही.

गणिताची_वही

एका कार्डाला चालतात. दुसरं कागदाचंच ठेव. मोबाइल बेरीज चुकत नाही, पण अंगठा नऊऐवजी आठवर पडला तर तो ते बिनतक्रार मान्य करतो, आणि त्याची बेरीज कोणी तपासत नाही. मोठ्या स्पर्धांतही यंत्रावर नोंद घेतात तरी शेजारी कागदाचं कार्ड असतं. कार्डावर लिहिणाऱ्याची आणि तिरंदाजाची सही झाली की आकडा पक्का. सही करण्याआधी एकदा वाचून बघायची सवय आत्तापासूनच लाव.

निळी_पट्टी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आमचं शूट झालं, म्हणून लिहायला आले.

सुरुवातीला सगळ्यांना गोल उभं करून चारच गोष्टी सांगितल्या: हात मागे, आकडे मोठ्याकडून लहानाकडे, लिहिणारा "काढा" म्हणेपर्यंत बाण काढायचा नाही, काढताना भोकाला खूण. धनुष्यांच्या तीन याद्या केल्या आणि सरासरीवरची चौथी. दोघांनी कार्ड नको म्हटलं, त्यांनी भिंग सांभाळलं.

ते दोघंही आले होते. मी त्यांना मुद्दाम एकाच बटवर ठेवलं, जरा धाकधूकच होती. चौथ्या एंडला पुन्हा तेच, सोनेरी आणि लाल यांच्यामध्ये बाण, या वेळी दुसऱ्याचा. पहिला वाकून बघत होता. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, मग म्हणाला, "मला टेकलेला वाटतोय, पण मी नाही सांगत." शेजारच्या बटवरची बाई आली, भिंग लावलं, फाटलेल्या कागदाची पाकळी न हलवता बराच वेळ बघत राहिली. आठ म्हणाली. शाफ्ट आणि रेषा यांच्यात लाल रंगाची बारीक फट दिसत होती, तिने ती बाणवाल्यालाही दाखवली. त्याने पाहिली, "लिहा आठ" म्हणाला आणि पहिल्याकडे वळून विचारलं, "त्या दिवशी माझंही असंच झालं असेल का रे? फाटका कागद बघितला असेन." पहिला म्हणाला, "मी तर बघितलाच नव्हता, उपटला."

जाळी दोघांनी एकत्र गुंडाळली.

सरासरीच्या यादीत आमची सगळ्यांत नवी मुलगी पहिली आली, अधिक बावीस. १७३ गुण. तिने कार्ड मागून घेतलं.

एक अडचण मात्र आली. खुणा करायला मी निळं पेन नेलं होतं. सोनेरीवर आणि लालवर छान दिसलं, पण निळ्या आणि काळ्या पट्ट्यांवर रेघ दिसेचना, आणि एक बाण परत आला तो नेमका निळ्यात. तीन भोकं बिनखुणेची वाटत होती. कमी गुणाचं धरलं, पण तुम्ही या पट्ट्यांवर कशाने खूण करता?

पिसारा

पांढरं मार्कर. आणि नुसती रेघ नाही, भोकाच्या कडेपासून बाहेर ओढलेली रेघ, म्हणजे पुढचा बाण शेजारी लागून कागद फाटला तरी तिचं एक टोक शिल्लक राहतं.